उलुरूची साक्ष

कागद असेल तर इतिहास, नसेल तर दंतकथा, असा एक पक्का संस्कार आपल्याकडील इतिहासाच्या विद्यार्थ्यांवर झालेला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढची कित्येक वर्षे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यावरचे रुमाल, दप्तरे, कसर लागलेली पत्रे गोळा केली. त्या परिश्रमांचे आपल्यावरील ऋण फिटणारे नाही. शाळेतही आपण मुलांना साधनांची हीच उतरंड शिकवतो. सनद, पत्र, शिलालेख, ताम्रपट ही वरच्या पायरीवर. बखर, पोवाडा आणि आजीने सांगितलेली हकीकत खालच्या पायरीवर. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील वाळवंटात एका राष्ट्रीय उद्यानाला भेट देण्याचा योग आला, तेव्हा या उतरंडीचा पुन्हा विचार करावा असे एक प्रकरण तिथे समोर आले. ते सीमाभागातील वाचकांसमोर ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

मुलगी व जावई अॅडलेडला असतात. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो, तेव्हा आपल्या इतिहासप्रेमी सासऱ्याला समुद्रकिनारे दाखवण्यापेक्षा देशाचे पोट दाखवावे, असा विचार जावयांनी केला. विमानाने आम्ही अॅलिस स्प्रिंग्ज या गावी पोचलो आणि तिथून मोटारीने सुमारे साडेचारशे किलोमीटर गेलो. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या येतात. हे वाळवंट तसे नाही. जमीन आपल्या खानापूरकडच्या मातीहून तांबडी, तिच्यावर काटेरी गवताचे गोल पुंजके, मधूनच उंच, झुपकेदार झाडे, आणि तासन् तास माणूस दृष्टीस पडत नाही. मे म्हणजे तिकडे हिवाळ्याचे तोंड. दिवसा हवा छान आणि रात्री दोन पांघरुणे लागावीत इतकी थंडी.

या सपाटीवर एकाएकी एक अखंड खडक उभा राहतो. जमिनीपासून त्याची उंची ३४८ मीटर आणि पायथ्याचा घेर सुमारे साडेनऊ किलोमीटर. खडक वालुकाश्माचा आहे. त्यातील लोहाला हवापाण्याने गंज चढतो, म्हणून तो तांबडा दिसतो, आणि सूर्य जसजसा खाली उतरतो तसतसा त्याचा रंग विटकरीपासून निखाऱ्यासारखा होत जातो. पश्चिमेला काही अंतरावर अनेक घुमटांचा दुसरा समूह आहे. या दोहोंना मिळून उलुरू-काटा जुटा राष्ट्रीय उद्यान म्हणतात. युनेस्कोने त्याला १९८७ साली निसर्गाकरिता आणि १९९४ साली संस्कृतीकरिता जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

प्रथम नावांविषयी सांगतो, कारण दोन भाषांच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती गोष्ट चटकन समजेल. १८७२ साली अर्नेस्ट जाइल्स या प्रवाशाने लांबून ते घुमट पाहिले. त्यांना जर्मनीतील व्युर्टेंबर्गच्या राणी ओल्गाचे नाव मिळाले. त्या राणीचा या मातीशी संबंध काय, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. दुसऱ्या वर्षी, १८७३ च्या जुलैत, विल्यम गॉस हा सर्वेक्षक मोठ्या खडकापाशी पोचला. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारातील सर हेन्री एअर्स यांच्या नावावरून त्याने खडकाचे नाव 'एअर्स रॉक' ठेवले. गॉस खडकावर चढला तेव्हा त्याच्याबरोबर कामरान नावाचा एक उंटवाला होता. अफगाणिस्तान, बलुचिस्तान आणि पंजाबकडून कराची बंदरातून उंटांसह नेलेल्या अशा माणसांना तिकडे सरसकट 'अफगाण' म्हणत. अॅडलेडहून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रसिद्ध आगगाडीला आजही 'घान' म्हणतात, ते त्यांच्यावरूनच.

परंतु खडकाला नाव होतेच. तिथले लोक स्वतःला आनंगू म्हणवतात; पित्जंत्जत्जारा आणि यांकुनित्जत्जारा या त्यांच्या भाषा. त्यांच्या बोलण्यात तो खडक उलुरू. या शब्दाची फोड करून दुसरा अर्थ निघत नाही. ते केवळ विशेषनाम आहे आणि तिथल्या एका घराण्याचे आडनावही आहे. 'काटा जुटा' याचा अर्थ मात्र 'पुष्कळ डोकी'. १९९३ साली सरकारने 'एअर्स रॉक / उलुरू' असे जोडनाव मान्य केले आणि २००२ साली क्रम फिरवून 'उलुरू / एअर्स रॉक' केले. दोन नावे तीच. कोणते आधी एवढाच फरक, आणि त्याला नऊ वर्षे लागली. पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, हा प्रश्न ज्यांनी आपल्या गावात पाहिला आहे, त्यांना या नऊ वर्षांचे मोल वेगळे सांगायला नको.

आता चित्रांकडे वळू. खडकाच्या पायथ्याशी वाऱ्यापाण्याने कोरलेल्या उथळ गुहा आहेत. लाटेसारखे पुढे झुकलेले त्यांचे छत पाहिले की बेसॉल्टात कोरलेली आपली लेणी आठवत नाहीत. पावसात गुराखी जिथे आडोसा घेतात त्या कपारी आठवतात. त्यांच्या भिंतींवर गेरू, पांढरी माती, राख आणि कोळसा पाण्यात, क्वचित चरबीत कालवून काढलेली चित्रे आहेत. एकात एक वर्तुळे, पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या पावलांचे ठसे, वाकड्या रेषा. एकावर एक अशी अनेक हातांनी ती काढलेली असल्यामुळे कोणते जुने आणि कोणते नवे, हे सांगणे अवघड असते. एकात एक वर्तुळे म्हणजे बहुधा पाणवठा किंवा मुक्कामाची जागा. पण नक्की कोणता पाणवठा, हे चित्र पाहून कळत नाही. ते सांगणाऱ्याकडूनच कळायचे.

एका गुहेपाशी मी जरा जास्त रेंगाळलो. मुलगे मोठे होऊ लागले की त्यांना आईबापांपासून वेगळे ठेवीत आणि आजोबा मंडळी त्यांना या गुहेत शिकवीत. पाणी कुठे, कोणत्या ऋतूत कोणता प्राणी कुठे सापडतो, या मुलखातून चालायचे कसे, हे भिंतीवर चित्र काढून समजावीत आणि मग रानात नेऊन प्रत्यक्ष करवून घेत. शाळेत शिक्षक फळा वापरतात तशी ही भिंत वापरली जाई, असे तिथल्या माहितीफलकावरच म्हटले आहे. जवळच बायकांची स्वयंपाकाची गुहा आहे आणि म्हाताऱ्या पुरुषांची बसण्याची निराळी. म्हणजे आपण ज्याला 'प्रागैतिहासिक चित्रकला' असे भारदस्त नाव देतो, तिच्यातील काही भाग हा एका शाळेचा फळा आहे, आणि त्या शाळेत शिकलेल्यांची नातवंडे आज त्याच उद्यानात रखवालदार व वाटाडे म्हणून काम करतात.

चित्रे फिकट झाली आहेत, त्याला ऊनपावसाबरोबर माणूसही कारण आहे. गेल्या शतकात पर्यटकांना घेऊन येणारे मार्गदर्शक छायाचित्रात रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर पाणी फेकीत. ज्या भिंतीवर आजोबांनी नातवाला पाणी शोधायला शिकवले, तिच्यावर पाणी ओतूनच ती पुसली गेली.

खडकाच्या दक्षिण बाजूला मुटिजुलू नावाचा पाणवठा आहे. तिथल्या कातळाची कथा अशी सांगतात. कुनिया ही अजगर-स्त्री दुरून आपली अंडी घेऊन आली. लिरू जातीच्या विषारी सर्पवीरांनी तिच्या भाच्याला भाल्यांनी मारले. ती संतापून आली आणि तिने आपल्या काठीने एका लिरूला ठार केले. कातळावरच्या लांब भेगा म्हणजे तिच्या काठीचे वार. पुढे कुनिया आणि तिचा भाचा पाण्याचे राखणदार झाले. कोकण-गोव्याकडच्या वाचकांना 'राखणदार' या शब्दाचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाही. आनंगू लोक अशा कथांना गोष्टी म्हणत नाहीत. त्यांचा शब्द आहे 'चुकुर्पा', आणि त्याचा त्यांनी केलेला अर्थ 'कायदा' असा आहे. कोणी कोणाशी कसे वागावे, जमीन कोणाची, पाणी कोणी राखावे, हे सारे त्यात येते. काही कथा फक्त पुरुषांच्या, काही फक्त स्त्रियांच्या. त्या त्या जागी छायाचित्र घेऊ नये असे फलक आहेत आणि बहुतेक लोक ते पाळताना दिसले.

याच मुटिजुलूच्या कातळात १९३४ साली जी घटना घडली, तेच मी सुरुवातीला म्हटलेले प्रकरण.

त्या वर्षी एका आदिवासी माणसाचा खून झाला. आनंगूंच्या दृष्टीने तो त्यांच्या कायद्याप्रमाणे दिलेला दंड होता. सरकारच्या दृष्टीने गुन्हा. बिल मॅकिनन या शिपायाने काही जणांना पकडले. ते वाटेत निसटले आणि उलुरूच्या आश्रयाला आले. मॅकिनन उंटांवरून माग काढीत तिथे पोचला. योकुनुन्ना नावाचा तरुण जखमी होऊन पाणवठ्याजवळच्या गुहेत शिरला आणि मॅकिननच्या गोळीने मेला. बाकीचे निसटले. त्यांच्यातला एक पॅडी उलुरू. भीतीने तो पुढे कित्येक वर्षे आपल्या खडकाकडे फिरकला नाही.

१९३५ साली सरकारने चौकशी मंडळ नेमले. मंडळ स्वतः उलुरूला गेले, योकुनुन्नाचे प्रेत उकरून काढले आणि अवशेष अॅडलेडला नेले. गुहेतून आपल्यावर दगड येत होते, म्हणून आपण नेम न धरता आत गोळी झाडली, असा मॅकिननचा जबाब झाला. हा गोळीबार कायद्याने समर्थनीय होता, मात्र त्याची गरज नव्हती, असा निष्कर्ष मंडळाने काढला. मॅकिनन नोकरीत राहिला. प्रकरण दप्तरात गेले.

आनंगू मात्र आपली हकीकत सांगत राहिले. पाठलाग करून आमच्या माणसाला मारले, असे ते मुलांना सांगत, मुले नातवंडांना सांगत. १९८० च्या दशकात हीच हकीकत एका चित्रपटासाठीही सांगितली गेली. परंतु एका बाजूला शिक्क्याचा अहवाल आणि दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्यांचे तोंडी बोलणे; साधनांच्या उतरंडीत त्याला कुठली पायरी मिळणार होती?

पुढे मार्क मॅकेना या इतिहासकाराने हे प्रकरण हाती घेतले. मॅकिननच्या कुटुंबाकडे राहिलेल्या कागदपत्रांत त्यांना त्याची त्या वेळची मूळ नोंदवही सापडली. गोळी लागावी म्हणूनच झाडली, अशी कबुली तिच्यात त्याच्याच हाताने लिहिलेली होती. चौकशीत त्याने सांगितले होते ते याच्या उलट. मॅकेनांचे 'रिटर्न टू उलुरू' हे पुस्तक २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्याच शोधात योकुनुन्नाची कवटी अॅडलेडच्या संग्रहालयात असल्याचे २०१९ साली निष्पन्न झाले. २०२२ च्या ऑक्टोबरात, म्हणजे मृत्यूनंतर ८८ वर्षांनी, ती उलुरूला नेऊन त्याच्या माणसांनी मातीत ठेवली.

इथे घाईने 'कागद खोटा, स्मृती खरी' असा निकाल देऊ नये. शेवटी खरे काय ते एका कागदानेच सिद्ध केले आणि कवटीची ओळख पटायलाही संग्रहालयाच्या नोंदी उपयोगी पडल्या. राजवाड्यांचा मार्ग चुकीचा ठरला, असे यातून मुळीच निघत नाही. निघते ते असे की एकाच माणसाच्या हातचे दोन कागद दोन गोष्टी सांगू शकतात : एक त्याने स्वतःसाठी लिहिलेला, दुसरा वरिष्ठांपुढे ठेवलेला. आणि दप्तरात साहजिकच दुसरा जपला जातो. पहिला शोधण्याची बुद्धी केव्हा होते? दप्तराबाहेर कोणीतरी पिढ्यान् पिढ्या 'हे असे घडलेले नाही' म्हणत राहिले, तरच. आनंगूंनी ती हकीकत विसरून टाकली असती, तर ती नोंदवही कोणी उघडलीच नसती.

याच इतिहासाला एक दुसरी बाजूही आहे. १९३५ च्या चौकशी मंडळाचे चिटणीस चार्ल्स माउंटफर्ड यांना या खडकाने आणि चित्रांनी झपाटले. ते पुन्हा आले, म्हाताऱ्यांच्या विश्वासाला पात्र झाले आणि त्यांनी पुष्कळ टिपून घेतले. आज जी माहिती मिळते तिच्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण १९७६ साली त्यांच्या एका ग्रंथात पुरुषांच्या दीक्षेची गुप्त माहिती छापून आली, तेव्हा आदिवासींनी न्यायालयात जाऊन आपल्या प्रदेशात त्याच्या विक्रीस मनाई मिळवली. विश्वासाने सांगितलेली गोष्ट छापण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आपोआप मिळत नाही, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. आपल्याकडे लोकगीते, ओव्या, देवस्थानांचे विधी टिपून घेणाऱ्या हौशी संशोधकांनी हा खटला अवश्य लक्षात ठेवावा.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९२० साली हा प्रदेश आदिवासींसाठी राखीव झाला होता. १९५८ साली पर्यटनासाठी खडक त्यातून काढून राष्ट्रीय उद्यान केले गेले आणि मालक पाहुणे झाले. खडकावर चढणाऱ्यांसाठी १९६४ साली साखळी ठोकली गेली. हॉटेले अगदी पायथ्याशी होती. ती १९८० च्या दशकात उद्यानाबाहेर युलारा येथे हलवली. दीर्घ मागणीनंतर २६ ऑक्टोबर १९८५ रोजी गव्हर्नर-जनरल सर निनियन स्टीफन यांनी मालकीचा दस्त आनंगूंच्या हाती दिला आणि त्यांनी त्याच समारंभात ती जमीन ९९ वर्षांच्या भाड्यपट्ट्याने उद्यान म्हणून सरकारला दिली. पॅडी उलुरू तो दिवस पाहायला नव्हता. १९७९ साली तो वारला होता. व्यवस्थापन मंडळाच्या बारा जागांपैकी आठ आनंगूंकडे आल्या. मात्र चढाई चालू ठेवावी, ही सरकारची अट होती. 'चढू नका' अशी विनंती आनंगू करीत राहिले. त्या उतारावर तीसहून अधिक माणसे दगावली आणि प्रत्येक मृत्यूचे सुतक आपल्याला लागते, असे ते मानत. २०१७ साली मंडळाने चढाई बंद करण्याचा ठराव केला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून ती कायमची बंद झाली. शेवटच्या दिवसांत चढणाऱ्यांची रीघ लागली होती. साखळी काढली गेली. हजारो पावलांनी घासून झालेला पांढुरका पट्टा अजून दिसतो.

आता सारे न्याय्य झाले, असे मात्र नाही. २०१७ साली देशभरातील आदिवासी प्रतिनिधी उलुरूपाशी जमले आणि आम्हाला राज्यघटनेत स्थान असलेला एक आवाज द्या, असे निवेदन त्यांनी काढले. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यावर सार्वमत झाले. सुमारे साठ टक्के मतदारांनी आणि सहाही राज्यांनी ते नाकारले. मुटिजुलूची वस्ती आजही खडकाच्या पायथ्याशी आहे आणि तिथली मुले घरी पित्जंत्जत्जारा बोलतात. जगात ही भाषा बोलणारे तीन-साडेतीन हजार लोक. आपल्याकडच्या एका मोठ्या गावाएवढे.

आपल्या देशातही कातळचित्रे आहेत. भीमबेटका १९५७ साली शोधणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे माळव्यात वाढलेले मराठी भाषक. २००३ साली ते स्थळ जागतिक वारशात गेले. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथील कातळशिल्पे १९९३ साली उजेडात आली, आणि त्यानंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर कितीतरी सापडली. ती पाहताना आपण अंदाज बांधतो : हा हत्ती असावा, हे चक्र म्हणजे भूलभुलैया असावा. सांगणारे कोणी उरलेले नाही. उलुरूला सांगणारे आहेत, आणि काय सांगायचे व काय नाही हेही तेच ठरवतात. सांगणारा आणि खूण या दोघांची साथ सुटली की खूण मुकी होते. ती किती हजार वर्षांची आहे, यावर ते अवलंबून नसते. पन्नास वर्षांतही ती मुकी होऊ शकते.

आपल्या सीमाभागातील, किंवा बडोदे-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत अशा खुणा पुष्कळ आहेत. मोडीतला एखादा कागद, ज्याचे वाचन आता घरात कोणालाच जमत नाही. दोन भाषांत दोन नावे असलेले शेत. देवघरातला एक टाक, ज्याची हकीकत फक्त थोरल्या आत्याला ठाऊक आहे. एखाद्या घटनेविषयी सरकारी अहवालात एक लिहिलेले असते आणि आजोबा दुसरेच सांगतात. अशा वेळी दोन्ही लिहून ठेवावे. कोणी, कोणाला, केव्हा सांगितले ते तारखेसह लिहावे. जे बाहेर सांगू नये असे सांगणारा म्हणेल, ते बाहेर सांगू नये. आमच्या शाळेत या दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांना एवढाच गृहपाठ दिला आहे : घरातील सर्वांत वयस्कर माणसाला एक प्रश्न विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत, मराठी असो वा कन्नड वा कोंकणी, वहीत उतरवा. त्यातले खरे किती आणि खोटे किती, ते पुढे कोणीतरी तपासील. आधी ते लिहिले गेले पाहिजे.